दलीप सिंग सौंद

दलीप सिंग सौंद (जन्म : २० सप्टेंबर १८९९, छज्जलवड्डी, पंजाब, मृत्यू : २२ एप्रिल १९७३, हॉलिवूड, कॅलिफोर्निया) हे भारतात जन्मलेले अमेरिकन शेतकरी, न्यायाधीश व राजकारणी होते. १९५६ मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षाच्या वतीने कॅलिफोर्नियाच्या २९ व्या मतदारसंघातून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या प्रतिनिधीगृहावर निवडून आले. मतदानाचा पूर्ण अधिकार असलेले ते अमेरिकन काँग्रेसचे पहिले आशियाई वंशाचे सदस्य होत. पहिले भारतीय वंशाचे आणि पहिले शीख सदस्यही तेच. ३ जानेवारी १९५७ ते ३ जानेवारी १९६३ या काळात त्यांनी तीन कार्यकाळ पूर्ण केले. ज्या देशाच्या कायद्याने त्यांना सुमारे पाव शतक नागरिकत्व नाकारले होते, त्याच देशाच्या कायदेमंडळात त्यांनी प्रवेश मिळवला. तोही स्वतःच्या नावावर शेतजमीन घेण्यास पूर्वी मनाई असलेल्या प्रदेशातून, आणि साधनसामग्रीने आपल्यापेक्षा कितीतरी वरचढ असलेल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध. त्यामुळे १९५६ च्या त्या निवडणुकीचा अभ्यास आजही केला जातो.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

सौंद यांचा जन्म अमृतसर जिल्ह्यातील छज्जलवड्डी या गावी एका सधन शीख कुटुंबात झाला. त्यांचे वडील नाथा सिंग हे बांधकामाचे ठेकेदार होते. त्यांना स्वतःला शाळेत जाण्याची संधी मिळाली नव्हती. तथापि मुलांच्या शिक्षणाविषयी ते आग्रही होते आणि गावात शाळा उभी करण्यात या कुटुंबाचा पुढाकार होता. दलीप सिंग लहान असतानाच वडिलांचे निधन झाले. आई जिओनी कौर यांनी मुलांचे शिक्षण पुढे चालू ठेवले. बाबा बकाला येथील वसतिगृहयुक्त शाळेत, त्यानंतर जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले व १९१९ मध्ये त्यांनी पंजाब विद्यापीठाची गणित विषयातील पदवी संपादन केली.

हा काळ पंजाबात अत्यंत अस्वस्थतेचा होता. एप्रिल १९१९ मध्ये अमृतसरला जालियनवाला बागेचे हत्याकांड घडले. तरुण सौंद यांच्यावर महात्मा गांधींच्या विचारांचा प्रभाव पडलेला होता. त्याच वेळी पहिल्या महायुद्धाच्या काळातील वुड्रो विल्सन यांची भाषणे आणि अब्राहम लिंकन यांचे चरित्र यांनी त्यांना अमेरिकेकडे आकर्षित केले. फळे डबाबंद करण्याचे तंत्र शिकावे, दोनतीन वर्षांत मायदेशी परतावे आणि आंब्यासारखी फळे टिकवण्याचा उद्योग सुरू करावा, असा त्यांचा बेत होता. घरच्यांनी त्याच अटीवर परवानगी दिली. १९२० मध्ये इंग्लंडमार्गे ते न्यूयॉर्कला पोहोचले.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी प्रारंभी कृषिविभागात प्रवेश घेतला. स्टॉकटन येथील गुरुद्वाऱ्याच्या वतीने बर्कलीत भारतीय विद्यार्थ्यांसाठी एक निवास चालवला जाई, तेथे त्यांची विनामूल्य राहण्याची सोय झाली. सुटीत ते फळांच्या कारखान्यांत काम करून खर्च भागवत. लवकरच ते मूळच्या आवडीच्या विषयाकडे, गणिताकडे वळले. १९२२ मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी व १९२४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. विद्यार्थिदशेतच हिंदुस्तान असोसिएशन ऑफ अमेरिका या संघटनेचे ते अध्यक्ष झाले आणि भारताच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणारे वक्ते म्हणून परिचित झाले.

इम्पीरियल खोऱ्यातील शेती

गणितातील डॉक्टरेट हाती असूनही अध्यापनाचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातील भारतीयांना प्रत्यक्षात खुला असलेला व्यवसाय म्हणजे शेती. १९२५ च्या सुमारास सौंद राज्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या इम्पीरियल खोऱ्यात गेले. हे खोरे मूळचे वाळवंट. कोलोरॅडो नदीच्या कालव्यांमुळे तेथे शेती फुलली होती आणि अनेक पंजाबी शेतकरी पूर्वीच स्थिरावलेले होते. समुद्रसपाटीखाली वसलेल्या वेस्टमोरलंड या छोट्या गावाच्या परिसरात सौंद यांनी प्रथम कापूस वेचणाऱ्या टोळीचा मुकादम म्हणून काम केले. पुढे त्यांनी स्वतः लेट्यूस, साखरबीट, गवत यांची शेती केली.

कायद्याची परिस्थिती मात्र प्रतिकूल होती. १९१३ व १९२० च्या कॅलिफोर्नियातील परकीय जमीनधारणा कायद्यांनुसार, नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयांना शेतजमीन विकत घेता येत नसे, आणि दुसऱ्या कायद्यानंतर ती खंडाने घेण्याचा मार्गही बंद झाला होता. भारतीय त्या वर्गात मोडतात की नाही याविषयी असलेला संदेह सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगत सिंग थिंड यांच्या खटल्यात दूर केला : भारतीय व्यक्ती कायद्याच्या अर्थाने श्वेतवर्णीय नसल्याने ती नागरिक होऊ शकत नाही, असा निर्णय झाला. पूर्वी नागरिकत्व मिळालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्वही या निकालानंतर काढून घेण्यात आले. त्यामुळे खोऱ्यातील पंजाबी शेतकरी परिचित अमेरिकनांच्या किंवा तेथे जन्मलेल्या आपल्या मुलांच्या नावावर जमीन धरत, अथवा तोंडी व्यवहारांवर विसंबून राहत. अशा व्यवहारांत फसवणूक झाली तर न्यायालयात दाद मागणेही कठीण होते.

१९२८ मध्ये सौंद यांनी मेरियन कोसा यांच्याशी विवाह केला. त्या चेक स्थलांतरित कुटुंबातील असून त्यांचे वडील चित्रकार होते. नागरिकत्वास अपात्र अशा परकीयाशी विवाह करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व संपुष्टात येईल, अशी तरतूद त्या वेळी कायद्यात होती. ती १९३१ मध्ये रद्द झाली. या दांपत्यास एक मुलगा व दोन मुली झाल्या. पुढे मेरियन यांनी शिक्षिका म्हणून काम केले.

महामंदीच्या काळात शेतमालाचे भाव कोसळून सौंद कर्जबाजारी झाले. दिवाळखोरी जाहीर करून सुटका करून घेण्याचा मार्ग त्यांनी नाकारला आणि अनेक वर्षे राबून सावकारांची देणी फेडली. खोऱ्यातील व्यापारी व शेतकरी यांच्यात त्यांची पत निर्माण झाली ती यामुळे. पुढील काळात मते मागताना ही पत उपयोगी पडली असे मानण्यास जागा आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या न्यू डील कार्यक्रमामुळे ते डेमोक्रॅटिक पक्षाकडे ओढले गेले. मतदानाचा हक्क नसतानाही ते पक्षाच्या सभांना उपस्थित राहत.

याच काळात, १९३० मध्ये, त्यांचे माय मदर इंडिया हे पुस्तक प्रसिद्ध झाले. कॅथरिन मेयो यांच्या १९२७ मधील मदर इंडिया या भारतनिंदक पुस्तकाला दिलेले ते उत्तर होते व स्टॉकटनच्या खालसा दिवाणाने ते प्रकाशित केले.

नागरिकत्वासाठी लढा

१९४२ मध्ये सौंद यांनी सहकाऱ्यांसह इंडिया असोसिएशन ऑफ अमेरिका ही संघटना स्थापन केली व ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळवून देणे हे तिचे मुख्य उद्दिष्ट होते. पूर्व किनाऱ्यावर न्यूयॉर्कमध्ये जे. जे. सिंग यांची इंडिया लीग ऑफ अमेरिका याच मागणीसाठी झटत होती. कॅलिफोर्नियातील शेतकऱ्यांनी या कामासाठी वर्गणी गोळा केली. महायुद्धात भारताचे सहकार्य अमेरिकेला आवश्यक वाटत असल्याने वातावरणही बदलत होते. क्लेअर बूथ लूस (रिपब्लिकन) व इमॅन्युएल सेलर (डेमोक्रॅट) यांनी पुढाकार घेतलेल्या विधेयकावर २ जुलै १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी स्वाक्षरी केली. या कायद्याने भारतीयांना वर्षाला केवळ १०० जणांचा प्रवेशकोटा मिळाला. परंतु अमेरिकेत आधीपासून राहणाऱ्या भारतीयांसाठी त्याहून मोठी गोष्ट अशी, की त्यांना नागरिकत्वासाठी अर्ज करता येऊ लागला. सौंद १६ डिसेंबर १९४९ रोजी अमेरिकेचे नागरिक झाले. या तारखेने पुढे दोनदा त्यांच्या राजकीय जीवनात अडथळा आणला.

न्यायाधीशपद

नोव्हेंबर १९५० मध्ये ते वेस्टमोरलंड न्यायक्षेत्राच्या न्यायाधीशपदाच्या निवडणुकीत विजयी झाले. मात्र निवडणुकीच्या दिवशी त्यांना नागरिक होऊन एक वर्ष पूर्ण झालेले नव्हते. काही आठवड्यांच्या फरकाने ते अपात्र ठरले व पद त्यांना देण्यात आले नाही. १९५२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. या प्रचारातील एक प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात नोंदवला आहे. गावातील एका प्रतिष्ठित गृहस्थाने चारचौघांत त्यांना विचारले, की ते निवडून आल्यास न्यायालयात येणाऱ्यांना पगड्या न्यायालय पुरवणार की ज्याने त्याने विकत घ्यायच्या. सौंद यांनी शांतपणे उत्तर दिले, की माणसाच्या डोक्यावर काय आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नाही, डोक्यात काय आहे ते ते पाहतात. या उत्तराची गावभर चर्चा झाली. या वेळी ते निवडून आले आणि १९५३ ते १९५७ या काळात त्यांनी न्यायदानाचे काम केले. गावातील जुगार व वेश्याव्यवसाय यांच्याविरुद्ध त्यांनी कठोर भूमिका घेतली. उपजीविकेसाठी ते या काळात खतांच्या वितरणाचा व्यवसाय करत. १९५४ मध्ये ते इम्पीरियल परगण्याच्या डेमोक्रॅटिक समितीचे प्रमुख झाले.

१९५६ ची निवडणूक

ऑक्टोबर १९५५ मध्ये सौंद यांनी प्रतिनिधीगृहाची निवडणूक लढवण्याचे जाहीर केले. २९ व्या मतदारसंघात रिव्हरसाइड व इम्पीरियल हे दोन परगणे समाविष्ट होते. त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे ३०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या जवळपास दुप्पट. लोकसंख्या मात्र १९५० च्या जनगणनेनुसार अवघी २ लाख ३० हजारांच्या आसपास. उत्तरेस संत्र्यांच्या बागा व वाढती उपनगरे, मध्ये पाम स्प्रिंग्ससारखी श्रीमंतांची विश्रांतिस्थाने आणि दक्षिणेस मेक्सिकोच्या सीमेपर्यंत पसरलेली कालव्याखालची शेती, असा हा विरळ वस्तीचा प्रदेश होता. रिपब्लिकन पक्षाचे जॉन फिलिप्स १९४३ पासून काँग्रेसचे सदस्य होते. त्यांनी निवृत्त होण्याचे ठरवल्याने जागा रिकामी झाली. तरीही ती रिपब्लिकनांचीच समजली जाई, आणि डेमोक्रॅटिक उमेदवार हा आव्हानवीरच होता.

पहिला अडथळा स्वपक्षातून आला. प्राथमिक निवडणुकीतील प्रतिस्पर्धी, रिव्हरसाइडचे वकील कार्ल केग्ली यांनी सौंद यांच्या पात्रतेस न्यायालयात आव्हान दिले. राज्यघटनेनुसार प्रतिनिधीगृहाचा सदस्य किमान सात वर्षे नागरिक असावा लागतो. मतदानाच्या दिवशी, ६ नोव्हेंबर १९५६ रोजी, सौंद यांची सात वर्षे पूर्ण होण्यास ४० दिवस कमी पडत होते. तथापि नव्या काँग्रेसचे सदस्य ३ जानेवारी १९५७ रोजी शपथ घेणार होते आणि तोपर्यंत मुदत पूर्ण होणार होती. केग्ली यांचा अर्ज फेटाळला गेला. सहा वर्षांपूर्वी याच प्रकारच्या हिशेबाने सौंद यांचे पद हुकले होते. या वेळी हिशेब त्यांच्या बाजूने लागला. प्राथमिक निवडणूकही त्यांनी जिंकली.

रिपब्लिकन पक्षाची प्राथमिक निवडणूक अनेक पुरुष उमेदवारांना मागे टाकून जॅकलीन कॉक्रन ऑडलम यांनी जिंकली. त्या त्या काळातील जगद्विख्यात वैमानिक होत्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन हवाई दलाच्या महिला वैमानिकांच्या पथकाचे नेतृत्व त्यांनी केले होते आणि मे १९५३ मध्ये ध्वनीपेक्षा अधिक वेगाने विमान चालवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या होत्या. सौंदर्यप्रसाधनांचा त्यांचा स्वतःचा व्यवसाय होता. पती फ्लॉइड ऑडलम हे ॲटलस कॉर्पोरेशनचे प्रमुख व देशातील अतिश्रीमंत गुंतवणूकदारांपैकी एक होते. १९५२ मध्ये ड्वाइट आयझेनहॉवर यांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवावी म्हणून न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या प्रचंड सभेचे चित्रण कॉक्रन यांनीच विमानाने पॅरिसला नेऊन त्यांना दाखवले होते. इंडिओजवळच्या ऑडलम दांपत्याच्या मळ्यावर आयझेनहॉवर यांचे जाणेयेणे असे. एकीकडे राष्ट्राध्यक्षांची स्नेही असलेली धनाढ्य महिला, दुसरीकडे सात वर्षेही नागरिक न झालेला खतविक्रेता न्यायाधीश. या लढतीकडे देशभरच्या वृत्तपत्रांचे लक्ष वेधले गेले नसते तरच नवल.

प्रचारखर्च व तत्कालीन कायदा

या लढतीतील आर्थिक विषमता समजून घेण्यासाठी तत्कालीन कायदा ध्यानात घेणे आवश्यक आहे. १९५६ मध्ये अमेरिकेतील निवडणूक खर्चावर १९२५ च्या संघीय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचे नियंत्रण होते. त्यानुसार प्रतिनिधीगृहाच्या उमेदवाराला २,५०० डॉलर, किंवा मागील निवडणुकीत पडलेल्या प्रत्येक मतामागे ३ सेंट या दराने येणारी रक्कम खर्च करता येत असे. या रकमेची कमाल मर्यादा ५,००० डॉलर होती. २९ व्या मतदारसंघात १९५६ मध्ये दोन्ही प्रमुख उमेदवारांना मिळून पडलेली मते हिशेबात घेतली, तरी ही रक्कम ३,२०० डॉलरपर्यंतच जाते. काँग्रेस सदस्याचे वार्षिक वेतन त्या वेळी २२,५०० डॉलर होते. कागदावर पाहिले तर मर्यादा अतिशय कडक होती.

प्रत्यक्षात तिला अर्थ उरलेला नव्हता. प्राथमिक निवडणुकीचा खर्च या कायद्याच्या कक्षेत येतच नसे. उमेदवाराच्या नावे चालणाऱ्या, परंतु एकाच राज्यात कार्य करणाऱ्या समित्यांना संघीय पातळीवर हिशेब द्यावा लागत नसे. उमेदवाराने केवळ आपल्या माहितीतील व आपल्या संमतीने झालेला खर्च दाखवायचा असे. त्यामुळे माहिती नसणे हेच सोयीचे ठरे. शिवाय प्रवास, निवास, टपाल, दूरध्वनी, पत्रके यांवरील खर्च मर्यादेतून वगळलेला होता. वृत्तपत्रांतील जाहिराती व रस्त्यांवरील फलक मात्र मर्यादेत मोडत. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, स्वतःचे विमान घेऊन मतदारसंघभर फिरणाऱ्या उमेदवाराचा प्रवास आणि स्वतःची मोटार हाकणाऱ्या उमेदवाराचा प्रवास कायद्याच्या दृष्टीने सारखेच होते. महामंडळांकडून देणग्या घेण्यास १९०७ पासून व कामगार संघटनांच्या निधीतून खर्च करण्यास १९४७ पासून बंदी होती. तथापि धनाढ्य व्यक्तीने स्वतःच्या उमेदवारीमागे आपली साधने उभी करण्यात फारसा अडसर नव्हता.

हा प्रश्न त्याच वर्षी राष्ट्रीय पातळीवर गाजत होता. फेब्रुवारी १९५६ मध्ये सिनेटर फ्रान्सिस केस यांनी नैसर्गिक वायू विधेयकाच्या समर्थकांकडून आपल्या प्रचारासाठी २,५०० डॉलर देऊ करण्यात आल्याचे सभागृहात उघड केले. त्या प्रकरणानंतर आयझेनहॉवर यांनी ते विधेयक नाकारले. सिनेटर अल्बर्ट गोर (थोरले) यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने १९५६ च्या निवडणुकीतील खर्चाची चौकशीही केली. कायदा मात्र १९७१ पर्यंत बदलला नाही, आणि हिशेब तपासणारा स्वतंत्र संघीय निवडणूक आयोग १९७५ मध्येच कार्यरत झाला.

प्रचार व निकाल

कॉक्रन स्वतः विमान चालवत सभास्थानी पोहोचत. विस्तीर्ण मतदारसंघात हा मोठाच लाभ होता आणि ते दृश्य लोकांना आकर्षितही करी. सौंद यांच्या बाजूने पैशाची उणीव मनुष्यबळाने भरून काढण्याचा प्रयत्न झाला. पत्नी, मुलगा, मुली व स्वयंसेवक घरोघरी जात. डेमोक्रॅटिक पक्षाला अनुकूल, परंतु मतदारयादीत नाव नसलेल्या लोकांना शोधून त्यांची नोंदणी करणे हे या कामाचे मुख्य अंग होते. त्या काळी कॅलिफोर्नियात मतदाराने स्वतः नोंदणी करावी लागे, हे लक्षात घेतले म्हणजे या खटाटोपाचे महत्त्व कळते : जाहिरातीने मन वळवता येते, यादीत नाव घालता येत नाही. मोकळ्या मैदानात सामुदायिक भोजनांचे कार्यक्रमही ठेवले गेले.

राज्यातील पक्षीय परिस्थितीही बदलत होती. कॅलिफोर्नियात एकाच उमेदवाराला दोन्ही पक्षांच्या प्राथमिक निवडणुकांत उभे राहण्याची मुभा होती आणि अनेक वर्षे तिचा लाभ प्रामुख्याने विद्यमान रिपब्लिकन सदस्यांना होत असे. १९५४ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे त्याचा पक्ष छापला जाऊ लागल्याने हा लाभ बराच घटला. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या कॅलिफोर्निया डेमोक्रॅटिक कौन्सिलमुळे स्वयंसेवकांच्या मंडळांचे जाळे राज्यभर पसरू लागले होते. सौंद यांच्या विजयाचे श्रेय केवळ त्यांच्या कुटुंबाच्या कष्टांना देणारी वर्णने या पार्श्वभूमीकडे दुर्लक्ष करतात.

सौंद यांनी प्रचारात लहान शेतकऱ्यांना हमीभाव, सिंचन व पाणी यांवर भर दिला. या विषयांवर त्यांना टिपणाची गरज नव्हती. तीस वर्षे ते त्याच मातीत राबले होते. कॉक्रन यांचे मतदारसंघात घर असले, तरी त्यांचे व्यवसाय व ख्याती देशभर पसरलेली होती.

६ नोव्हेंबर रोजी झालेल्या मतदानात सौंद यांना ५४,९८९ व कॉक्रन यांना ५१,६९० मते मिळाली. मतांचे अंतर ३,२९९ होते. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदासाठी कॅलिफोर्नियाने आयझेनहॉवर यांना स्पष्ट कौल दिला होता. म्हणजे सौंद यांचा विजय पक्षाच्या लाटेवर नव्हे, तर लाटेच्या उलट झाला होता. कॉक्रन यांना हा पराभव जिव्हारी लागला. पुढे त्या विमानोड्डाणाकडे परतल्या व त्यांनी आणखी अनेक विक्रम केले. काँग्रेसमध्ये त्या कधीच गेल्या नाहीत.

प्रतिनिधीगृहातील कार्य

नवख्या सदस्याला सहसा न मिळणारे परराष्ट्र व्यवहार समितीचे सदस्यत्व सौंद यांना पहिल्याच वर्षी मिळाले. १९५७ च्या अखेरीस त्यांनी समितीच्या वतीने आशियाचा दौरा केला. जपानपासून भारत-पाकिस्तानपर्यंतच्या या दौऱ्यात त्यांनी भारतीय संसद सदस्यांसमोर भाषण केले आणि १९२० नंतर प्रथमच ते छज्जलवड्डीला गेले. दोनतीन वर्षांसाठी म्हणून घर सोडलेला मुलगा ३७ वर्षांनी, परदेशाचा लोकप्रतिनिधी होऊन परतला होता. अमेरिकन सरकारच्या दृष्टीने या दौऱ्याचे प्रचारमूल्यही होतेच. वर्णभेदाच्या प्रश्नावर अमेरिकेवर टीका होत असताना, आशियात जन्मलेला काँग्रेस सदस्य हे तिला हवे असलेले उत्तर होते. सौंद यांनीही ही भूमिका मनापासून बजावली. अमेरिकेतील वर्णभेदाविषयी त्यांचा सूर बहुधा आशावादी राहिला, त्यांच्या स्वतःच्या अनुभवाच्या मानाने पुष्कळच सौम्य.

१९५७ च्या नागरी हक्क कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला. परकीय मदतीविषयी त्यांची भूमिका चिकित्सक होती : अमेरिकन पैसा राज्यकर्त्या वर्गापाशी न थांबता खेड्यांतील सामान्य माणसापर्यंत पोहोचला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. मतदारसंघासाठी त्यांनी सिंचन व शेतीचे प्रश्न मांडले. पाम स्प्रिंग्स परिसरातील मूळनिवासी अग्वा कालिएन्ते समाजाच्या जमिनींच्या दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यांसंबंधीच्या कायद्यातही त्यांचा सहभाग होता. मेक्सिकन शेतमजुरांना तात्पुरता प्रवेश देणाऱ्या ब्रासेरो योजनेला त्यांनी दिलेला पाठिंबा मात्र त्यांच्या मतदारसंघातील मोठ्या बागायतदारांच्या हिताशी जुळणारा होता, आणि स्वतः मजुरांच्या टोळीत काम केलेल्या माणसाकडून तो अनेकांना अनपेक्षित वाटतो. १९५८ व १९६० मध्ये ते पुन्हा निवडून आले. १९६० मध्ये त्यांचे काँग्रेसमन फ्रॉम इंडिया हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

अखेरची वर्षे

१ मे १९६२ रोजी विमानात असताना सौंद यांना पक्षाघाताचा तीव्र झटका आला. त्यांची वाचा गेली व आधाराशिवाय चालणेही अशक्य झाले. जूनमधील प्राथमिक निवडणूक त्यांनी रुग्णालयात असतानाच जिंकली. परंतु नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन उमेदवार पॅट्रिक मार्टिन यांनी त्यांचा पराभव केला. जो उमेदवार दारोदारी जाऊन निवडून आला होता, त्याला अखेरच्या निवडणुकीत मतदारांसमोर उभेही राहता आले नाही. त्यानंतरची सुमारे अकरा वर्षे ते सार्वजनिक जीवनापासून दूर राहिले. या काळात मेरियन यांनी त्यांची शुश्रूषा केली. २२ एप्रिल १९७३ रोजी दुसऱ्या झटक्याने त्यांचे निधन झाले. ग्लेंडेल येथील फॉरेस्ट लॉन स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

नंतरचा काळ

सौंद यांच्यानंतर चार दशकांहून अधिक काळ एकही भारतीय वंशाची व्यक्ती काँग्रेसवर निवडून आली नाही. २००४ मध्ये लुईझियानातून बॉबी जिंदाल निवडून आले. २०२२ मध्ये मिशिगनमधून निवडून आलेले श्री ठाणेदार हे बेळगावात वाढलेले मराठीभाषक आहेत. ठाणेदार हे यशस्वी उद्योजक असून त्यांनी प्रचारासाठी स्वतःचा पैसा वापरला. १९५६ मधील लढतीत असे सामर्थ्य प्रतिपक्षाकडे होते.

२००५ मध्ये काँग्रेसने रिव्हरसाइड परगण्यातील टेमेक्युला येथील टपाल कार्यालयाला सौंद यांचे नाव दिले. नोव्हेंबर २००७ मध्ये वॉशिंग्टन येथील कॅपिटॉल इमारतीत त्यांच्या तैलचित्राचे अनावरण झाले.